चावी मारल्यावरचे पहिले दहा सेकंद : जुनी डिझेल पिकअप सुरू व्हायला त्रास देते तेव्हा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत डिझेल गाडी थंडीमुळे सुरू होत नाही असं कोणी म्हणालं, तर विचारायचं, कुठली थंडी? आपल्याकडे जानेवारीतही स्वेटर हौस म्हणून घालतात. माळशेज चढून ओतूर-जुन्नरकडे माल उचलायला जाणाऱ्यांचं वेगळं, तिकडे डिसेंबरच्या पहाटे स्टिअरिंगला हात लावायची इच्छा होत नाही. पण कळव्यात, ऐरोलीत, तुर्भ्यात रात्रभर उभी असलेली पिकअप सकाळी दहा वेळा सेल्फ मारायला लावत असेल, तर तिला काहीतरी झालेलं आहे. आणि बहुतेक वेळा जे झालेलं असतं, ते गॅरेजवाला पहिल्या वाक्यात सांगतो त्यापेक्षा स्वस्त असतं.

माझं गॅरेज नाही. माझी एक जुनी पिकअप आहे, साध्या पंपाची (म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पोचवणारा पंप संगणकाशिवाय चालणारा), आणि ती जुन्नर-नारायणगावची भाजी तुर्भ्याच्या मार्केटात आणते. भाज्यांचा बाजार पहाटे भरतो, म्हणून ‘थोड्या वेळाने होईल सुरू’ हे मला परवडत नाही. पंप आणि नोझल सोडलं तर तिचं बाकी सगळं मीच उघडतो. भाचा हाताखाली असतो. त्याला गाडी शिकवताना पहिला नियम घालून दिला : गाडी सुरू झाली नाही की पाना उचलायचा नाही. चावी मारायची आणि दहा सेकंद नुसतं बघायचं, ऐकायचं. एकाने चावीवर बसायचं, दुसऱ्याने सायलेन्सरच्या नळीमागे उभं राहायचं.

त्या दहा सेकंदांत काय शोधायचं, हे कळायला इंजिनाचं एवढंच माहीत असलं की पुरे. डिझेलला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा ५०० अंशांच्या पुढे तापते, त्यात नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवं, डिझेल वेळेवर आणि फवारा होऊन यायला हवं, आणि हवा तेवढी दाबली जायला हवी. या तिन्हींत कुठे खोट आहे ते सेल्फचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर सांगतात.

सेल्फ जड ओढतोय, म्हणजे ‘घुर्रर्र… घुर्रर्र’ असा अडखळतोय : बॅटरी, केबल, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिनाला जोडणी), सेल्फ. दुसरं काहीही उघडू नका.

सेल्फ सणसणीत फिरतोय पण सायलेन्सरमधून धुराचा लवलेश नाही : इंजिनात डिझेल पोचत नाही.

सेल्फ सणसणीत आणि मागून पांढरा धूर निघतोय, डोळ्यांना झोंबतोय, कच्च्या डिझेलचा वास येतोय : डिझेल पोचतंय, पेटत नाही. हिटर (आतली हवा तापवणारा प्लग), नोझल, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (हवेचा दाब).

या तीन वाटा एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. धूर अजिबात नाही आणि कोणी ‘नोझल गेले’ म्हणत असेल, तर त्याला विचारा की चारही नोझल एका रात्रीत कसे गेले?

चावी मारण्याआधी स्वतःलाही दोन-तीन प्रश्न विचारा. त्रास सकाळी होतो की गाडी गरम झाल्यावर? टाकी भरलेली असताना कमी होतो का? आणि उभी कशी होती, तोंड चढाला की उताराला? शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण पारसिकच्या डोंगराकडच्या चढाच्या गल्ल्यांत गाडी लावणाऱ्याला तो अर्धं उत्तर देऊन जातो. त्याकडे पुढे येतोच.

सेल्फ जड ओढत असेल तर

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. तीन-चारशे रुपयांत चालेल असा मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी, चावी लावायच्या आधी, मीटर धरा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धीच. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, निदान नंतर. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून तोच आकडा बघा. सेल्फ फिरताना ९.६ च्या वर राहिला तर बॅटरी कामाची. चार्ज करूनही ९ च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली आहे, किंवा सेल्फ आतून जाम होऊन भलताच करंट खातोय. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर नवी बॅटरी टाकूनही आठवड्यात तीच रड, कारण डायनामो भरतच नाही.

बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ जड, हे आपल्या भागात फार बघायला मिळतं. कारण खाडीची हवा. ठाण्याच्या खाडीच्या काठाने, कळव्यापासून वाशीपर्यंत, टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरते आणि अर्थिंगची पट्टी आतून कुजते. वरून पट्टी शाबूत दिसते, बोल्ट घट्ट असतो, पण बोल्टखाली गंज. त्याची परीक्षा सोपी आहे : एक जाड जंपर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला, रंग नसलेल्या जागी लावा. सेल्फ मारा. एकदम जोरात फिरला तर चोर सापडला. पट्टी काढा, दोन्ही बाजूंची जागा घासून धातू उघडा करा, पट्टी कुजलेली असेल तर नवी टाका, वरून ग्रीस.

मीटरवाल्यांसाठी हेच आकड्यांत : सेल्फ फिरत असताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. बॅटरीचा प्लस आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यात ०.५ च्या आत. जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च होतायत.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट विझायला आले तर बॅटरी किंवा टर्मिनल. लाइट तसाच झगझगीत आणि सेल्फमधून नुसतं ‘टक’, तर सेल्फचा सोलेनॉइड (चावीसरशी ओढला जाणारा विजेचा स्विच) किंवा कार्बन. ते काम वायरमनकडे द्या. कार्बन आणि बुश बदलले की जुना सेल्फ पुन्हा वर्षानुवर्षं चालतो, नवा घेण्याची घाई नको.

एक लक्षात ठेवा, सेल्फ एका दमात १० ते १५ सेकंदांच्या वर मारू नका, आणि मध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबा. न सुरू होणाऱ्या गाडीवर राग काढून सेल्फ जाळलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. सेल्फ मारताना क्लच दाबून धरा, गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचं ओझं तेवढंच कमी.

धूर नाही, म्हणजे डिझेल नाही

आधी फुकटातलं. पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो, चावीनुसार डिझेल सोडणारा-अडवणारा. चावी ऑन केली की त्यातून बारीक ‘टक’ ऐकू यायला हवं. इंजिन बंद असल्याने शांततेत नीट कळतं. आवाज नसेल तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज किंवा चावीचा स्विच, येत असतील तर सोलेनॉइड गेला. ज्या जुन्या गाड्यांना बंद करायला केबल ओढावी लागते, तिथे केबल अर्ध्यात अडकून पंपाचा लिव्हर बंदच राहिलेला असू शकतो. बोनेट उघडून लिव्हर हाताने मागे ढकलला आणि गाडी सुरू झाली, असं घडतं. फिटरला बोलावून ऐनवेळी हे कळलं की लाज वाटते, म्हणून आधी बघा.

मग फिल्टर. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून रिकाम्या, कोरड्या, पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी केलंच पाहिजे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या दमट हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं आणि खाली उतरतं. जून ते सप्टेंबर टाकी रात्री रिकामी ठेवू नये, ते याचसाठी. आणि स्वस्त म्हणून कोणी रॉकेल मिसळलेलं डिझेल देत असेल तर हात जोडून निघा. पंपाच्या आतल्या भागांना वंगण दुसरं कुठलं नाही, डिझेलच त्यांचं वंगण. रोटरी पंप, म्हणजे एकाच फिरत्या भागातून सगळ्या नोझलना डिझेल वाटणारा, तो तर पूर्ण त्याच्यावरच जगतो.

हवा धरली आहे का

या एका दोषाने लोकांचे जेवढे पैसे गेले तेवढे दुसऱ्या कशाने गेले नसतील. त्याची चाल ठरलेली असते. सकाळी पहिल्यांदा खूप सेल्फ लागतो, गाडी सुरू होते, दोन-चार सेकंद लटपटते, कधी बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि मग दिवसभर शहाण्यासारखी चालते. दुपारी जेवायला अर्धा तास बंद केली तरी काही नाही. रात्र गेली की पुन्हा तेच.

होतं काय, टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी केसाएवढी फट असते. रात्रभर त्या फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल उतरून परत टाकीत जातं. सकाळी पंपाला आधी हवा गिळावी लागते. आता गंमत अशी की तुम्ही खाली वाकून गळती शोधता आणि जमीन कोरडी असते. कोरडीच असणार. टाकीकडून येणारी नळी ओढणारी नळी आहे, तिच्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘गळत नाही, म्हणजे लाइन ठीक’ हे गॅरेजमधलं वाक्य मानू नका.

चढ-उताराचा प्रश्न इथे कामाला येतो. पुष्कळ पिकअपची टाकी चासीच्या बाजूला, इंजिनाच्या मागे असते. तोंड चढाला करून गाडी लावली की इंजिन वर आणि टाकी खाली, डिझेल मागे उतरायला मोकळं. तीच गाडी दुसऱ्या रात्री तोंड उताराला करून लावा. सकाळी एका सेल्फात सुरू झाली, तर हवेचाच दोष आहे यावर मी पैज लावेन. टाकी काठोकाठ भरल्यावर त्रास कमी होतो, हीही तीच साक्ष.

खात्री करायची तर फिल्टर आणि पंप यांच्यामधली रबरी नळी काढून तिथे त्याच मापाची डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी क्लिप लावून बसवा. गाडी चालू असताना त्यातून अखंड डिझेल जायला हवं. बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा फिल्टरच्या आधी किंवा फिल्टरमध्येच शिरतेय. रात्री बंद करताना नळी भरलेली आणि सकाळी अर्धी रिकामी, हे बघितलं की वाद संपतो.

शेवटची परीक्षा कॅनची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, कॅन बोनेटजवळ पंपापेक्षा उंच पक्का बांधा, पंपाची आत येणारी नळी थेट त्यात सोडा आणि परतीची नळीही त्याच कॅनमध्ये. हवा काढा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पहिल्या फटक्यात सुरू झाली तर पंप निर्दोष, दोष टाकी ते फिल्टरमध्ये. तरीही तेवढाच त्रास असेल तर लाइनीचा नाद सोडा. कॅन लावून गाडी रस्त्यावर मात्र काढायची नाही. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या भागावर) डिझेल सांडलं तर आग लागते.

हवा शिरण्याच्या नेहमीच्या जागा : फिल्टरची वरची रबरी रिंग (फिल्टर बदलताना जुनी तशीच ठेवली जाते किंवा दुमडून बसते), खालचा ड्रेन स्क्रू, हँड प्रायमरचं (हाताने डिझेल ओढायच्या छोट्या पंपाचं) आतलं रबर, बँजो बोल्टचे (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, आणि टाकीजवळची रबरी नळी, जी उन्हापावसाने वरून भेगाळते. माझ्या अनुभवात प्रायमर आणि नळी हे दोन आधी बघावेत. रबरी नळी दोन बोटांत वाकवून बघितली की भेगा उघड्या पडतात. क्लिप आवळून भागत नाही, नळी बदला. सगळ्या नळ्या एकदम बदलायला लागणारा खर्च एका नोझलच्या कामापेक्षा कमी आहे.

फट बुजवली की हवा काढायची. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू अर्धा-एक आटा सैल करा, प्रायमर मारत राहा, फेस संपून नुसतं डिझेल आलं की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग पंपाच्या तोंडाशी तेच. एवढ्यावर बहुतेक गाड्या सुरू होतात. नाही झाली तर नोझलच्या टोकाला दोन पाइपांचे नट, बहुतेक १७ च्या पान्याचे, एक आटा सैल करून सेल्फ मारा. डिझेलची उसळी दिसली की आवळा. चेहरा आणि हात लांब ठेवा, दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा वाईट असते. हे पाइप सैल करणं फक्त जुन्या, साध्या पंपाच्या गाडीला. कॉमन रेलला (संगणकाच्या हुकमावर चालणारी, खूप जास्त दाबाची नवी पद्धत) कधीही नाही, त्याचं शेवटी सांगतो.

गरम झाल्यावर अडते

सकाळी पटकन सुरू होते, पण मुंब्रा बायपासच्या ट्रॅफिकमध्ये तासभर तापून बंद केली की पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास घेते. ही तक्रार सकाळच्या त्रासाच्या बरोबर उलटी, आणि कारणही वेगळं.

रोटरी पंप असेल तर आधी संशय त्याच्या हेड-रोटरवर, म्हणजे आतल्या दाब बनवणाऱ्या भागावर. वर्षानुवर्षं घासून त्यात फट वाढते. गार असताना डिझेल थोडं जाड असतं, फटीतून कमी पळतं, दाब बनतो. तापलं की डिझेल पातळ होतं आणि सेल्फच्या कमी वेगात दाब बनतच नाही. परीक्षा जुनी आणि फुकट : एक जाड फडकं पाण्यात भिजवून पिळा, पंपावर गुंडाळा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. मग सेल्फ मारा. सुरू झाली तर पंप घासलाय. तापलेल्या पंपावर बादलीने पाणी ओतू नका. आणि हा उपाय नाही, ही परीक्षा आहे. फडकं बांधून वर्ष काढणारे लोक आहेत, पण ते उतारावर गाडी लावायच्या जागा पाठ करून फिरतात.

सेल्फही गरम झाल्यावर जड होतो. म्हणून गरम गाडीवरही आधी सेल्फचा वेग ऐका, मग पंपाला दोष द्या.

पांढरा धूर, पण पेट घेत नाही

हिटर प्लग सगळ्या गाड्यांना सारखे महत्त्वाचे नाहीत. ज्या जुन्या इंजिनांत डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं, त्यांना २५ अंशांतही हिटर लागतो. डायरेक्ट इंजेक्शनचं तंदुरुस्त इंजिन आपल्या हवेत हिटरविना सुरू व्हायला हवं. तसं होत नसेल तर हिटर बदलून दोष झाकला जातो, जात नाही. हिटर तपासायचा तर वरची जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लँपचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं हिटरच्या टोकाला. दिवा लागला तर आतली तार जिवंत, नाही लागला तर हिटर मेला. चारही जिवंत असतील तर चावी ऑन केल्यावर पट्टीवर १२ व्होल्ट येतात का बघा. बऱ्याचदा रिले मेलेला असतो.

हिटर बाजूला ठेवून पुढचं : एअर फिल्टर काढून एकदा सेल्फ मारा, निव्वळ धुळीने चोंदलेला असू शकतो. दगडखाणी आणि बांधकामांच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांचे तर असतातच. पंप नुकताच काढून बसवला असेल आणि तेव्हापासून त्रास असेल, तर टायमिंग चुकलंय, बसवणाऱ्यालाच परत बोलवा. ऑइलची दांडी काढून वास घ्या. ऑइलची पातळी वर चढलेली आणि डिझेलचा वास, म्हणजे डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. तशी गाडी चालवू नका. धुराला गोडसर वास आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. याच्याकडे कोणी बघत नाही. व्हॉल्व्ह आपल्या जागी घासत खाली बसत जातो तशी टॅपेटची फट कमी होते, एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि दाब निसटतो. फीलर गेज आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा, एवढ्यावर एका दुपारचं काम. कॉम्प्रेशन कमी म्हणून इंजिन उघडायला निघालेल्या माणसाला मी आधी टॅपेट मोजायला लावतो.

शेवटी बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांजवळून खाली निसटणारा दाब. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. भातावरच्या झाकणासारखं उडायला लागलं आणि भकाभका धूर आला, तर रिंगा घासल्या. आकडा हवा असेल तर डिझेलचं कॉम्प्रेशन गेज असलेला फिटर गाठा, कळंबोलीच्या ट्रकवाल्या भागात मिळतो. पेट्रोलचं गेज चालत नाही, फुटेल. चांगल्या इंजिनात साधारण २५ ते ३० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब दिसतो, २० च्या आसपास आला की सकाळी त्रास सुरू होतो, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये तीन-चार किलोंहून जास्त फरक नसावा. चारही सारखे खाली म्हणजे इंजिन म्हातारं झालं, हाफ कामाचा, म्हणजे अर्धं इंजिन उघडून करायच्या दुरुस्तीचा हिशोब मांडा. एकच खाली असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि गॅस्केट बघा.

एअर फिल्टरच्या नळीत पेटता बोळा धरणं, पेट्रोलचं फडकं लावणं, स्टार्टिंग स्प्रे मारणं, हे सगळं बंद करा. हिटर तापलेला असताना स्प्रे मारला तर नळीतच भडका उडतो, आणि स्प्रेच्या अवेळी स्फोटाने रिंगा आणि पिस्टनच्या कडा तुटतात. स्प्रेवर सुरू होणारी गाडी पुढे स्प्रेशिवाय सुरू होत नाही असं लोक म्हणतात. स्प्रेची सवय इंजिनाला लागत नाही, तुटलेल्या रिंगा असतात त्या.

कॉमन रेल असेल तर

देशभर बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक एप्रिल २०१७ पासून लागू झालं, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. त्यानंतरची पिकअप (बहुतेक कॉमन रेलवालीच) असेल, किंवा आधीचीही कॉमन रेलवाली असेल, तर बॅटरी, अर्थिंग, पाणी आणि हवा इथपर्यंतचं सगळं तसंच लागू. पुढे मात्र हात आवरा. रेलमध्ये चालू गाडीत हजार बारच्या वर दाब जातो, तिथला पाइप सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित हलतो का बघा. ज्या गाड्यांत काटा हलायला हवा तिथे तो मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणारा). गरम झाल्यावर बंद पडणं आणि गार झाल्यावर आपोआप सुरू होणं, हे त्याचंच लक्षण. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चावी ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा. नाहीतर स्कॅनरवाला बोलवा आणि त्याला दोषाचे कोड नको, सेल्फ मारतानाचा रेलचा दाब दाखव म्हणा. साधारण २०० ते २५० बारपर्यंत पोचल्याशिवाय गाडीचा संगणक इंजेक्टर उघडतच नाही. पोचत नसेल तर चार इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडून सेल्फ मारायला लावा. एक बाटली बाकीच्यांच्या कितीतरी पुढे भरली, तर तोच इंजेक्टर दाब पळवतोय. चारही बदलायची गरज नाही. नवा बसवल्यावर त्यावरचा कोड गाडीच्या संगणकात भरून घेतला का, ते विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी तो भरायचा राहतो आणि गाडी खडखडत राहते.

साध्या पंपाच्या गाडीचे नोझल काढायची वेळ आलीच, तर टेस्टिंगला देताना स्वतः समोर उभे राहा. नोझल ठरलेल्या दाबाला उघडायला हवं, फवारा धुक्यासारखा बारीक आणि टोक नंतर कोरडं. धार पडत असेल किंवा टोकाला थेंब लटकत असेल तर तेवढंच नोझल बदला. चारही काढल्यावर कुठलं कुठल्या सिलिंडरचं, त्यावर मार्करने आकडे घाला, धुराचं आणि टपकणाऱ्या नोझलचं नातं नंतर जुळवता येतं. बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे टाकायचे. चहाच्या पैशात येतात, फिटरकडे नसतील तर आधीच विकत घेऊन खिशात ठेवा.